बोअर किती फूट?

माझं माहेर वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचं, कापसाचं. सासर गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडचं, धानाचं. दोन्ही विदर्भातच, पण लग्नात दोन्हीकडचे पाहुणे एकमेकांना परमुलखातले वाटत होते. आमच्या मामाला पंगतीत पोळी दिसेना, भातावर भात येत होता. आणि सासरकडच्या एका आजोबांनी आमच्या गावात उतरल्या उतरल्या विचारलं, "तलाव कोठी आहे?" तलाव नाही म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग ढोरं कोठी धुता?"

तेव्हा सगळे हसले. मला मात्र हा प्रश्न पुढं बराच पुरला. माहेरी पाणी ज्याचं त्याचं. विहीर सातबाऱ्यावर, मोटर स्वतःच्या मीटरवर, आणि पिकाचं काय करायचं ते घरच्या ओट्यावर ठरतं. सासरी घराच्या मागं तलाव, तलावाच्या मागं जंगल, आणि दोन्ही कोणा एकाचं नाही. पाणी कधी सोडायचं यावरून तिथं भांडणं होतात, अगदी डोकी फुटेपर्यंत होतात, पण ती चारचौघांत होतात. माहेरी पाण्यावरून भांडण असं कधी झालंच नाही. ज्याच्या विहिरीत आहे तो ओलतो, ज्याच्या नाही तो पुढच्या साली आणखी खाली जातो.

दर ५ जूनला कुठल्यातरी शाळा-कॉलेजात मला बोलायला बोलावतात. पर्यावरण चळवळीनं समाजाला काय दिलं, असा विषय असतो आणि उत्तर आधीच फळ्यावर लिहिलेलं असतं: जनजागृती. मला या शब्दाचा मनापासून कंटाळा आला आहे. पाणी खाली चाललंय हे आमच्या भागातल्या कुठल्या शेतकऱ्याला जागं करून सांगावं लागतं? फवारणीनं डोळे जळतात हे मजुराला ठाऊक नाही? जंगल विरळ झालं हे मोहफुलं वेचणाऱ्या बाईइतकं नेमकं कोणाला कळतं? माहिती होतीच. नव्हतं ते दुसरंच, आणि ते काय होतं हे मला झाडीपट्टीत, म्हणजे सासरकडच्या जंगल-तलावांच्या मुलखात, गेल्यावर दिसलं.

आमच्याकडच्या चळवळीची सुरुवात नकारानं झाली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन मोठी धरणं येऊ घातली होती. गडचिरोली आणि बस्तरमधलं प्रचंड जंगल आणि कितीतरी गावं पाण्याखाली जाणार होती. बाबा आमटे आणि आदिवासी नेते लालश्यामशहा महाराज यांच्या पुढाकारानं 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं, हजारो आदिवासी रस्त्यावर आले आणि धरणं बारगळली. विजय होता तो, खरा विजय. पण जंगल वाचलं म्हणजे ते गावाच्या हाती आलं असं नव्हे. ते होतं तिथंच राहिलं, वनखात्याच्या नकाशात. बांबू कागद गिरणीच्या कंत्राटात जात राहिला आणि गावातल्या माणसानं कुंपणाला चार बांबू आणले की तो चोर ठरत राहिला.

त्या आंदोलनातून घरी परतलेल्यांपैकी एक देवाजी तोफा. गाव मेंढा, लेखा ग्रामपंचायतीतलं, गडचिरोलीचा धानोरा तालुका. सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल तिथं आले आणि गावात अभ्यास गट सुरू झाला. आंदोलनाच्या गोष्टीत हा भाग नेहमी एका ओळीत उरकतात, म्हणून मी इथं जरा थांबते. अभ्यास गट म्हणजे लोकांनी रात्री एकत्र बसून एकेक प्रश्न धसास लावायचा. आपल्या जंगलाची हद्द कुठून कुठं? निस्तारपत्रकात, म्हणजे जंगलावरच्या गावाच्या हक्कांच्या सरकारी नोंदीत, आपल्या नावानं काय लिहिलंय? मधमाश्या जाळून मध काढतो, तर पुढच्या वर्षी पोळं कुठून येणार? बाहेरचा जाणकार आला तर त्यानं माहिती द्यायची, निर्णय द्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमतानं नाही, सर्वांच्या संमतीनं. एकजण जरी अडला तरी विषय पुढच्या बैठकीला. किती कंटाळवाणं वाटतं ना? आहेच. पण सगळ्यांनी हो म्हटलेला नियम मोडायला माणूस दहादा विचार करतो, कारण तो नियम त्याचाही असतो.

'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही मेंढ्याची घोषणा आता सगळीकडं पोचली आहे. घोषणेमागं मात्र वर्षानुवर्षांची कागदपत्रं आहेत. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला, २००८ पासून लागू झाला, आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा होतं. तरी बांबू विकता येईना. कायद्यानं बांबू गावाचा, पण तो गावाबाहेर न्यायचा तर वाहतुकीचा परवाना लागतो, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या टेबलावर. ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला २७ एप्रिल २०११ उजाडला. त्यासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण या दोघांना त्या लहानशा गोंड वस्तीत यावं लागलं. एका पावती पुस्तकासाठी एवढा सोहळा! मला विचाराल तर पर्यावरण चळवळीच्या आपल्याकडच्या इतिहासात त्या पावती पुस्तकाइतकी महत्त्वाची वस्तू दुसरी नाही.

कारण पुस्तक आलं तसा हिशेब आला. कोणत्या भागातला बांबू यंदा तोडायचा, कोणता राखायचा, मजुरी किती, गावाच्या खात्यात किती. ज्याच्या हाती विक्री नाही त्याला राखण्याचं कारण तरी काय असणार? चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव म्हणून गाव आहे. २०१२ मध्ये त्यांना हजारेक हेक्टरवर हक्क मिळाला. तेही बांबू विकतात. आणि तेंदूपत्ता? तेंदूपत्ता त्यांनी बंद केला. मे महिन्यातला रोख पैसा देणारा तेंदूपत्ता! पानं कोवळी आणि भरपूर यावीत म्हणून झुडपं छाटतात, जंगलात आग लावतात, आणि मग टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, खायला ना पाखरांना मिळतात ना पोरांना. हे गावानं बसून ठरवलं, कुणी व्याख्यान देऊन नाही. असंच जर वनखात्यानं फर्मान काढून बंद केलं असतं तर त्याच गावानं मोर्चा काढला असता, आणि बरोबर केलं असतं. उलट, कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली आणि तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतःच्या हाती घेतला. एका गावाला जे नको ते दुसऱ्याला हवं. मला यात विसंगती वाटत नाही.

आता तलाव. सासरबद्दल लिहिताना मी थोडी लांबड लावणार आहे, सांगून ठेवते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत साडेसहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत. सरकारी भाषेत मामा तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं हे बांधले, जमिनीचा उतार पाहून, एकाचं जास्तीचं पाणी दुसऱ्यात जाईल अशा बेतानं. इंग्रजांच्या काळात मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारे जमीनदार, आले. स्वातंत्र्यानंतर, १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. मालगुजारी जायलाच हवी होती, त्यात दुमत नाही. पण तिच्याबरोबर तलावाचा रोजचा धनीही गेला. लहान तलाव जिल्हा परिषदेकडं, मोठे पाटबंधारे विभागाकडं. उन्हाळ्यात गाळ काढायचा, पारीवरची, म्हणजे तलावाच्या बांधावरची, झुडपं तोडायची, पाणी सोडायचं तुडूम तपासायचं, हे करायला गाव पूर्वी आपसूक यायचं. आता ते 'डिपार्टमेंटचं काम' झालं, आणि डिपार्टमेंटकडं एवढ्या तलावांसाठी माणसं कधीच नव्हती.

तरी पाणी दिसत होतं म्हणून कोणाला फार वाटलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तलाव मला सुंदरच दिसला. माहेरी एवढं पाणी एकत्र पाहिलंच नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "पानी भरला आहे, पर तलाव खाली आहे." त्यांच्या लहानपणी याच तलावातून मरळ यायची, देशी वाणाच्या कितीतरी मासोळ्या यायच्या. पोवनाचे कंद, शिंगाडे आणि ऋषिपंचमीला लागणारं देवधान, सगळं तलावातलंच. मी पाहिलं तेव्हा काठानं बेशरम हे तण माजलं होतं आणि पाण्यात रोहू, कतला, मृगळ होते. मत्स्य व्यवसायाच्या योजनांतून बीज यायचं, सहकारी संस्था ते सोडायची, विकायची. हे मासे लवकर वाढतात, बाजारात खपतात. त्यांना तलावात अंडी घालता येत नाहीत, म्हणून दरवर्षी बीज विकत आणावं लागतं. देशी मासोळी फुकट होती, स्वतः वाढायची, पण तिला लागणाऱ्या वनस्पती उरल्या नव्हत्या.

तलाव बांधले कोहळ्यांनी, हे आमच्याकडं सगळे अभिमानानं सांगतात. तलावाच्या पोटात काय आहे हे मासेमार ढिवर समाजाला ठाऊक, हे मात्र फारसं कुणी सांगत नव्हतं. कोणत्या मासोळीला लपायला कोणती वनस्पती लागते, कोणतं पाखरू कशावर जगतं, ही विद्या त्यांच्याकडं होती आणि गावाच्या लेखी ती विद्या नव्हतीच. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं, म्हणजे मनीष राजनकर आणि त्यांच्या सोबत्यांनी, अर्जुनी मोरगावच्या परिसरात नेमकं तिथून काम सुरू केलं. ढिवर मासेमारांना विचारलं, त्यांच्याबरोबर तलावात उतरून याद्या केल्या. मग बेशरम काढली. उन्हाळ्यात तळ कोरडा पडला की तिथं नांगर फिरवला. पावसाळ्यात दुसऱ्या तलावांतून पाणवनस्पती आणून चिखलात रोवल्या, अगदी धानाचा रोवणा करतात तशा. या कामात पुढं झाल्या त्या ढिवर बायका. आधी ज्या ग्रामसभेच्या दारात उभ्या राहायच्या, त्या आत बसून पाणी कोणत्या पातळीखाली सोडायचं नाही हे बोलू लागल्या.

हे शेवटचं वाक्य लिहिताना मी जरा अडखळले, कारण ऐकायला ते फार गोड लागतं. प्रत्यक्षात भांडण झालं. धानाला पाणी हवं असतं तेव्हा मासोळीलाही हवं असतं. शेतकरी म्हणतो तुडूम उघडा, ढिवर म्हणतात थांबा. दोघांचंही पोट त्यावर. चळवळीनं हे भांडण मिटवलं नाही. मिटण्यासारखं ते नाहीच. तिनं ते एका सतरंजीवर आणून बसवलं, आणि भांडणातला एक पक्ष जो कायम बाहेर उभा होता त्याला जागा दिली. गोंदियाच्या पाणथळ भागात सारस पक्षी टिकून आहेत तेही अशाच ओळखीतून. ज्या शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीत घरटं असतं त्याच्याशी बोलून, त्याला राखणदार करून.

चंद्रपूरबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तिथं लिहिण्यासारखं थोडंच हाती लागलं आहे. २००९ मध्ये ताडोब्याच्या उंबरठ्यावर लोहाऱ्याची कोळसा खाण येणार होती. शहरातल्या तरुणांनी उपोषण केलं आणि खाण थांबली. कौतुकच आहे. पण २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र रात्रंदिवस जळतंच आहे आणि त्याची वीज राज्यभर जाते. त्या विजेची ग्रामसभा कुठं भरवणार? धूर एका जिल्ह्याचा आणि दिवा सगळ्यांचा असेल तर सर्वसंमती कोणाकोणाची घ्यायची, याचं उत्तर मेंढ्यात सापडत नाही.

आणि माझ्या माहेरीही सापडत नाही. खरी बोच तिथंच आहे.

कापूसपट्टीत पर्यावरणाचा विचार उशिरा आला असं मुळीच नाही. उलट आधी आला. १९३४ मध्ये वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला आणि मगनवाडीत बसून गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा सांगत होते की साठ्यातून उपसून खाणारी अर्थव्यवस्था आणि प्रवाहातून घेऊन खाणारी अर्थव्यवस्था यांत फरक आहे, साठ्यावर जगणारे शेवटी एकमेकांच्या जिवावर उठतात. तिथून आर्वी काही फार लांब नाही. आमच्या गावातली पहिली बोअर खोदली तेव्हा कुमारप्पांचं कोणाला आठवलं नसणार, आणि आठवून उपयोगही नव्हता. बोअर स्वतःच्या शेतात होती.

२०१७ चा पावसाळा आमच्याकडं कोणी विसरणार नाही. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. कापूस डोक्याएवढा वाढलेला, हवा दमट, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, आणि पंप पाठीवर. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं बीटी कापूस पोखरला. २००२ मध्ये ज्या बियाण्याला परवानगी मिळाली ते बोंडअळी रोखण्यासाठीच आलं होतं. सेंद्रिय शेतीवाल्यांचं म्हणणं खरं ठरत होतं, अगदी डोळ्यांसमोर. आमच्या भागात नैसर्गिक शेतीची कमतरता नाही, यवतमाळचे सुभाष शर्मा, अमरावतीचे सुभाष पाळेकर, दोघंही पद्मश्री. आणि तरीही दोनच वर्षांनी, जून २०१९ मध्ये, अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं तणनाशक सहन करणारं, परवानगी नसलेलं बियाणं जाहीरपणे पेरून सत्याग्रह केला. म्हणजे तोही शेतकऱ्यांचाच आवाज होता. निंदणाला मजूर मिळत नाही, मजुरी परवडत नाही, मग तणनाशक हवंच, असं माझा भाऊही म्हणतो. त्याला अडाणी ठरवणारी पर्यावरणाची भाषणं मी ऐकली आहेत आणि मला ती सहन होत नाहीत. जंगल राखणाऱ्या गावाला चळवळीनं बांबू दिला. एकट्या कापूसवाल्याला तिनं सल्ला दिला. सल्ल्यावर घर चालत नाही.

पाण्याच्या बाबतीत एकदा वेगळं घडलं. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१६ ला वरुड होतं, २०१७ ला आर्वी. संत्र्यानं वरुड-मोर्शीकडचं भूजल कुठल्या कुठं नेऊन ठेवलं आहे हे सगळ्यांना माहीत, त्यामुळं वरुडची निवड समजण्यासारखी होती. आमच्या आर्वी तालुक्यातलं काकडदरा, कोलामांचं छोटं गाव, २०१७ मध्ये राज्यात पहिलं आलं. एप्रिल-मेच्या उन्हात, मुलंबाळं घेऊन, अख्खं गाव चर खोदत होतं. आमच्या गावातलेही श्रमदानाला गेले, बाबा या वयात टोपली उचलून आले आणि रात्री पाय चेपून घेताना फार खूश होते. टेकडीवर पाणी मुरलं. विहिरींना पाणी चढलं.

आणि मग त्या चढलेल्या पाण्यावर संत्रा लागला.

मुरवण्याचं काम सगळ्यांचं होतं, उपसण्याचं ज्याचं त्याचं राहिलं. चर खोदायला गाव एक झालं, पण किती उपसायचं हे त्या सतरंजीवर कोणी काढलंच नाही. काढलं असतं तर कदाचित श्रमदानालाच कोणी आलं नसतं, हेही खरं. कायदा म्हणाल तर आहे. राज्याचा भूजल कायदा २००९ चा, लागू झाला २०१४ मध्ये. साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर अधिसूचित क्षेत्रांत बंधन, पाणलोट पातळीवर समित्या, सगळं त्यात लिहिलेलं आहे. फक्त मेंढ्याकडं जसं परवान्याचं पुस्तक गेलं तसं या कायद्याचं काहीच गावाच्या हाती गेलेलं नाही.

मेंढ्यानं २०१३ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली गावानं आपली खासगी शेतजमीनही ग्रामसभेकडं देण्याचं ठरवलं. कसायची ज्यानं त्यानंच, पण बाहेर विकायची नाही. ही कल्पना विनोबांची, पवनारच्या आश्रमातल्या माणसाची, आणि पवनार वर्धा जिल्ह्यात. आमच्या अंगणातली कल्पना तिकडं धानोऱ्याला जाऊन रुजली. इकडं आम्ही पवनारला धाम नदीच्या पुलावर फोटो काढतो.

माझ्या गावात ग्रामदान होईल असं मी स्वप्नातही बोलणार नाही. भाऊ मला दारात उभी करणार नाही. पण गेल्या दिवाळीत त्याच्याशीच वाद झाला तेव्हा त्यानं जे म्हटलं ते मला चळवळीच्या कुठल्याही जाहीरनाम्याहून नेमकं वाटलं. तो म्हणाला, "मी माही बोअर बंद करतो, आज करतो. पन बाजूचा करन काय? नाई करन. त्याच्या बगीच्याले पानी अन् माह्यावाला वावर कोरडं, हे तुह्यावालं पर्यावरण?" मी म्हटलं, मग बाजूच्याला विचार. एकट्यानं नको, ग्रामसभेत विचार. सगळ्यांच्या बोअरची खोली आधी एका फळ्यावर लिहा, बंद-चालू नंतर बघू. तो हसला. म्हणाला, तू आपलं गाव विसरलीस. इथं माणूस कर्ज सांगेल, पोरीचं स्थळ मोडलं ते सांगेल, बोअरची खोली सांगणार नाही. जो तो शंभर-दीडशे फूट कमी सांगतो, बाजूच्यानं आणखी खाली जाऊ नये म्हणून.

बाबा इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, शेतकऱ्याले काऊन विचारता? बोअरवाला फुटानं पैसे घेते. त्याच्या बिलावर सगळ्याइचे फूट लिहिले असतीन.

भावानं फोन काढला आणि बोअरच्या एजंटचा नंबर शोधू लागला.